शुक्रवारचा ठेका

शारजा
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

प्रिय मित्र वली यास,

सप्रेम सलाम. आम्ही उभयता येथे सुखरूप आहोत. तू, मरियमबी वहिनी आणि माहनूर खुशाल असाल, अशी खात्री बाळगतो. ‘परकार साउंड’ या तुझ्या दुकानाच्या पानावर माहनूरचा ई-मेल सापडला, म्हणून पत्र तिच्याकडे पाठवतो आहे. लेक शाळेत शिकवते असे दिसते. तिने ते सावकाश, विरामचिन्हे पाळून तुला वाचून दाखवावे. एकतीस वर्षांनी लिहितो आहे. त्याबद्दल आधी काही बोलायला हवे, पण प्रथम कामाचे सांगतो.

जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या कार्यालयात केया नावाची मुलगी आहे. आईवडील पुण्याचे, ती जन्मापासून दुबईची. मराठी पूर्ण समजते, उत्तर मात्र इंग्रजीत येते. तिच्या मित्रमंडळाने १४ नोव्हेंबरला, शुक्रवारी, एक समारंभ योजला आहे. हिप-हॉप ज्यांनी उभे केले आणि ज्यांची नावे पुढे कोणी घेतली नाहीत, अशांचा गौरव. न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागात पन्नासेक वर्षांपूर्वी गरीब घरांतल्या पोरांनी एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर लावल्या आणि गाण्यातला फक्त तालाचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत ठेवला. त्यातून हे सारे निघाले. त्यांपैकी थोडे नावारूपाला आले. स्पीकर वाहणारे, हाताने जाहिराती रंगवणारे, माइक दुसऱ्याच्या हाती देऊन मागे उभे राहणारे असे कित्येक जण तसेच गेले. समारंभाची सुरुवात त्यांच्या नावांनी होईल आणि नंतर आखातातल्या अशा माणसांचा मान.

केया कोणाला तरी फोनवर सांगत होती की आपल्या भाषांत इकडे हे सारे २००५ नंतर सुरू झाले. चुकीची माहिती कानावर पडली की मला गप्प राहवत नाही, हे तुला ठाऊक आहे. मी म्हणालो, “चूक. १९९४. शारजा, इंडस्ट्रियल एरिया, लेबर कॅम्पची करमणूक खोली.”

ती खुर्चीतून उठली. “अंकल, यू वेअर देअर? लाइक, अ‍ॅक्चुअली देअर?”

“मी स्टोअर सांभाळत होतो,” मी म्हणालो.

मग सगळे सांगावे लागले. देरा खाडीच्या धक्क्यावर एका आफ्रिकन खलाशाने तुला ती कॅसेट दिली होती. वायरमनचा मदतनीस तू. कॅसेट ऐकून तुझे तूच ओळखलेस की यात एकच तुकडा फिरतो आहे. तबकड्या कुठून आणणार, म्हणून तोच तुकडा दोन कॅसेटींवर उतरवून कंपनीच्या दोन डेकवर आलटून पालटून लावलास. संगमेश्वराकडचा आपला केरू त्यावर बोलायचा. फोरमनच्या नकला, पाण्याच्या टँकरची वाट, घरून न आलेली पत्रे. गवंडी लोक रिकाम्या बादल्या बडवायचे. दर शुक्रवारी दुपारच्या जेवणानंतर. तो शुक्रवारचा ठेका ज्याने सुरू केला, त्याचे नाव केयाला हवे होते. मी दिले.

समारंभाच्या समितीचा अर्ज मीच भरला. तिने नुसते ‘डीजे वली’ लिहिले होते. असा अर्धवट अर्ज मी पाठवू दिला नाही. संपूर्ण नाव, वडिलांचे नाव, तेव्हाचा विसा क्रमांक, जुन्या पासपोर्टची माझ्याकडे राहिलेली झेरॉक्स, सगळे जोडले. विसासाठी हाच अर्ज पुढे सरकारकडे जाईल. तुझे तिकीट व राहणे समितीकडे आहे.

तू येथून ज्या रीतीने गेलास, त्याविषयी लिहिण्याचे हे ठिकाण नव्हे. भेटीत बोलू.

वहिनींना सलाम सांगावा.

तुझा,
सोमनाथ रेडीज


शारजा
रविवार, २६ ऑक्टोबर २०२५

प्रिय वली,

सप्रेम सलाम. तुझा आवाजी निरोप मिळाला. “काय रे रजिस्टर, जिता हायस का अजून?” हे पहिलेच वाक्य ऐकून आशा स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, “तुम्हाला रजिस्टर म्हणणारं हे कोण माणूस?” मी म्हणालो, जुना मित्र. तिने दुसऱ्यांदा ऐकला आणि हसली. या घरात माझ्यावर असे कोणी हसले नव्हते.

विसा तीन दिवसांत आला, हे माहनूरने कळवले. तुझा आनंद समजतो. तरीही काही गोष्टींचा तू शांतपणे विचार करावास, म्हणून हे लिहितो.

प्रथम, तुझे गुडघे. विमानतळावर खूप चालावे लागते. दुसरे, नोव्हेंबरातही दुपारी येथे ऊन असतेच. तिसरे, केयाशी बोललो आहे. पडद्यावरून, घरबसल्या, तुला समारंभात दाखवता येईल. दापोलीत चांगले इंटरनेट आहे, असे माहनूरच म्हणते. मान तोच मिळेल. मानचिन्ह मी स्वतः कोणाबरोबर तरी पोहोचते करीन.

तू हे ऐकून चिडशील, हे जाणतो. पण एकदा आमच्या कंपनीची सरकारी कामे पाहणाऱ्या यहयाशी मी सहज बोललो. जुना माणूस आहे, केरळचा. त्याला विचारले, एखाद्याचे तीस वर्षांपूर्वीचे काही राहून गेलेले असेल, तर नव्या विसाने ते पुसले जाते का?

“सोमनाथभाई, विसा आ गया ना? खलास.”

“पण जुने काही निघाले तर?”

“निकला तो एअरपोर्ट पे स्क्रीन बोलेगा,” तो म्हणाला आणि चहा प्यायला लागला. “आपका कौन है?”

मी म्हणालो, कोणी नाही.

तुझे काही राहून गेले आहे, असे मला म्हणायचे नाही. तुला कंपनीने परत पाठवले. तेव्हा पुष्कळांना पाठवत. मी केवळ सावधगिरी म्हणून लिहितो.

कृपया पुन्हा विचार कर.

तुझा,
सोमनाथ


शारजा
शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५

वली,

हे पत्र ई-मेलने पाठवलेले नाही. आमच्या इमारतीतला सुदेश उद्याच्या विमानाने सुट्टीवर निघतो आहे. तो गुहागरचा, वाटेत दापोलीला उतरून हे पाकीट तुझ्याच हाती देईल. मी त्याला बजावले आहे, घरातल्या दुसऱ्या कोणाकडे द्यायचे नाही. माहनूरने हे वाचू नये. चष्मा लाव आणि तूच वाच. लागेल तितका वेळ लागो.

तुझा दुसरा निरोप मी अनेकदा ऐकला. “एकतीस वरसांनी बोलावतात, नि तू म्हणतोस गुडघं सांभाळ? अरे, मी कोट शिवला. मोहल्ल्यात पोरांनी बॅनर लावला. मरियमबी म्हणते, तुझ्या दोस्ताला तुझा हेवा वाटतोय.” आणि शेवटी माहनूरचा आवाज, फार नम्र: “काका, विसा आहे, तिकीट आहे. मग अडचण नेमकी काय आहे?”

अडचण मी आहे.

त्या शुक्रवारच्या आधी, मंगळवारी, केरू बांधकामाच्या परांचीवरून पडला. कंपनीने सांगितले, त्याला घरी पाठवले. घरी पाठवलेल्या माणसाची पेटी त्याच्या खाटेखाली कशी, हे तूच विचारलेस, आणि कोणी उत्तर दिले नाही. शुक्रवारी तू माझ्याकडे स्टोअरची किल्ली मागितलीस. नेहमीप्रमाणे मी दिली. माझ्या हाताने दिली, वली. हे वाक्य मी परवापर्यंत कोणापुढे उच्चारलेले नव्हते. तू ठेका लावलास. केरूच्या जागी कोणी नव्हते, म्हणून माइक तूच घेतलास आणि एवढेच म्हणालास, “केरू कुठे?” खोलीने उत्तर दिले, “केरू कुठे?” मग अंगणाने. मग तिन्ही बराकींनी. बादल्या, ताटे, लोखंडी खाटा, सगळे त्या तालावर. मी दाराशी उभा होतो. मीही म्हणालो. तीनदा.

शनिवारी सकाळी कंपनीच्या साहेबांनी तुला आधी बोलावले आणि मला नंतर. तू गेलास तो परत खोलीवर आला नाहीस. सामान दुसऱ्यांनी भरून दिले आणि संध्याकाळच्या विमानाने तू गेलास. एवढे तुला माहीत आहे. पुढचे माहीत नाही.

साहेबांनी मला बसायला खुर्ची दिली. तोवर कधी दिली नव्हती. विचारले, “स्टोअर कोणी उघडले?” मी म्हणालो, मला माहीत नाही. ते म्हणाले, “म्हणजे डेक चोरून नेले.” मी काही बोललो नाही. त्यांनी कागद पुढे सरकवला. “तुमचे इंग्रजी चांगले आहे, तुम्हीच लिहा.” त्यांना तू परत यायला नको होतास. केरू कुठे, हे विचारणारा माणूस पुन्हा या देशात पाय ठेवू शकू नये, एवढाच हेतू होता. चोरीची तक्रार तू विमानात बसल्यावर दाखल झाली.

ती मी लिहिली. साक्षीदार म्हणून सही माझी आहे. कोणी दमदाटी केली नाही, कोणी हातही उगारला नाही. साहेबांना चार ओळी पुरल्या असत्या. मी त्यात डेकचे अनुक्रमांक घातले, कुलूप शाबूत असल्याचे नमूद केले, तुझ्या पासपोर्टचा क्रमांक दिला. कोणी मागितले नव्हते. अर्ज पूर्ण असावा, म्हणून. महिनाभराने मला कार्यालयात टेबल मिळाले. तुझ्या पासपोर्टची झेरॉक्स त्याच दिवसापासून माझ्याकडे आहे.

आणि तीच झेरॉक्स, तोच क्रमांक, मी या वर्षी तुझ्या गौरवाच्या अर्जाला जोडला. तुला हे खोटे वाटेल, पण त्या क्षणी मला जुने काही आठवले नाही. रकाने दिसले आणि मी ते भरले. नव्या पासपोर्टवर तू कदाचित कोणाच्या नजरेत न येता आला असतास. जुना वली आणि नवा वली एकच, हे मी सही करून कळवले आहे.

परवा देऱ्यातल्या एका वकिलाला भेटलो. तो म्हणाला, इतक्या जुन्या तक्रारी बहुधा निकाली निघालेल्या असतात. मी विचारले, बहुधा म्हणजे काय? तो म्हणाला, “बहुधा म्हणजे बहुधा.” मग त्याच्यासमोरच तुझा जुना क्रमांक पोलिसांच्या संकेतस्थळावर घातला. प्रकरण नाही, असे आले असते तर हे पत्र लिहिले नसते. प्रकरण आहे, असेही आले नाही. एकच ओळ आली: संबंधित ठाण्यात समक्ष भेटावे. वकिलाने चष्मा काढून ठेवला आणि म्हणाला, “उनको बोलो, मत आओ.”

सोमवारी सकाळी मी त्या ठाण्यात समक्ष भेटणार आहे. तक्रार खोटी होती, किल्ली मी दिली होती, डेक कॅम्पबाहेर गेलेच नव्हते, हे लिहून देणार आहे. वकील म्हणतो, खोटी साक्ष हाही गुन्हा आहे, आणि विचारतो की या वयात हे कशासाठी. आशाला मी एवढेच सांगितले आहे की कामानिमित्त उशीर होईल. तिने माझा निळा शर्ट इस्त्री करून ठेवला आहे.

केयाला तू येत नाहीस असे कळवले. कारण सांगितले नाही. ती म्हणाली, “अंकल, देन हूज नेम डू वी से फर्स्ट?” मी सांगितले, केरूचे. मग ती म्हणाली, हू वॉज ही, व्हॉट हॅपन्ड टू हिम? तिला उत्तर देण्याआधी मला सोमवार पार पाडायचा आहे. संगमेश्वराकडे केरूची बायको सगुणा अजून आहे, असे सुदेश म्हणतो. तिला कंपनीने काय कळवले, मला माहीत नाही. तुला जमेल तेव्हा तिच्याकडे जा. माझ्याकडून जाऊ नकोस. तुझ्याकडून जा.

आता नीट वाच. बुधवारी विमानात बसू नकोस. मुंबईलाही जाऊ नकोस. कोट घालून घरच्या घरी बस आणि मोहल्ल्यातल्या पोरांना सांग की तब्येत बिघडली. या प्रकरणातून तुझे नाव काढल्याचा शिक्का मारलेला कागद तुझ्या हातात येईल, तेव्हाच ये. तो एक वर्षाने येवो की कधीच न येवो.

सोमवारनंतर माझ्या फोनवरून तुला निरोप येऊ शकतो की सारे मिटले आहे, निर्धास्त ये. आवाज माझाच असेल. मी शांत बोलत असेन, शब्द नेमके असतील, विमानाची वेळही बरोबर सांगेन. तरी येऊ नकोस. समोर कोणी कागद सरकवला आणि बसायला खुर्ची दिली, की मी काय करतो, हे तुला आता ठाऊक आहे.

ज्याच्या शब्दावर तू यापुढे विसंबू नयेस असा,
तुझा
सोमनाथ