बिनभाड्याची खोली

देवळी,
११ डिसेंबर २०२४

तीर्थरूप बाबा,

नमस्कार. मी बरी आहे. आईचा खोकला थांबला असेल. फोनवर मी काही बोलायला लागले की तुम्ही फोन तिच्याकडे देता, म्हणून हे पत्र.

लक्ष्मणमामांनी दुकानालगतची खोली दिली, तेव्हा मला फार आनंद झाला होता. बसस्टँडसमोर, बिनभाड्याची. "भाडं कायचं घेऊ? घरची पोरगी हायेस तू," म्हणाले. मी रंग दिला, टेबल मांडलं, माती तपासणीची पाटी लावली. मामा जेवायला गेले की त्यांचा गल्ला मीच सांभाळायचा, त्यांच्या पाहुण्यांचा चहाही मीच करायचा. एवढं तर करावंच लागतं, असं तुम्ही म्हणालात. केलं.

शुक्रवारी पहिलं गिऱ्हाईक आलं. मुलगा, त्याची आई आणि आत्या. पिशवीत माती होती. मी विचारलं, शेत कुठं, मागच्या वर्षी काय पेरलं? मुलगा आईकडे पाहू लागला. लाजाळू असेल, असं मला वाटलं. नमुन्यासाठी खड्डा कसा खणायचा, ते मी कागदावर काढून समजावलं. आत्या म्हणाली, "बोलते मस्त. चष्मा कायमचाच हाये का व?"

तरी मला कळलं नाही, बाबा. मी चष्म्याचा नंबरसुद्धा सांगितला.

मग मामी आतून पोह्यांच्या बश्या घेऊन आल्या.

पिशवी नंतर उघडली. मातीत मोगऱ्याची मुळं होती. शेतात जायची तसदीही नाही, घरची कुंडी उपसून आणली होती.

मामांना विचारलं, तर म्हणाले, "काऊन चिडून राह्यली? घरी पाह्यलं असतं तर तोंड फुगवून बसली असती. अथी कशी हासून बोलली. आन् खोली का उगाच देल्ली तुले?"

मामांचं सोडा. आदल्या दिवशी तुम्ही स्वतः फोन केला होता. एरवी कधी करत नाही. "उद्या तो निळा ड्रेस घालजो. गिऱ्हाईक आलं तं बरं दिसते," म्हणालात. बाबांना माझ्या कामाची काळजी आहे, असं मला वाटलं. मी ड्रेसला इस्त्री केली. किती खूश होते मी, हे तुम्हाला कळायला हवं म्हणून लिहिते आहे.

मामांना किल्ली परत दिली. त्या लोकांना नकार मी स्वतः कळवला.

आता आपल्या वडनेरच्या घराची रस्त्याकडची खोली मला हवी आहे. धनंजयदादा पुण्याला गेल्यापासून तिथं त्याची बिघडलेली मोटरसायकल उभी आहे. तिच्याकडून तुम्ही ना भाडं घेता, ना चहा करून घेता. मीही काही देणार नाही. आणि मला न विचारता तिथं कोणाला पाहायला बोलवायचं नाही.

रविवारी टेम्पोनं टेबल घेऊन येते. खोली उघडी असली तर आत मांडीन. कुलूप असलं तर दारासमोर मांडून बसेन. त्या रस्त्यानं सगळं गाव जातं. पाहू दे.

निळा ड्रेस मामींकडे ठेवून येते आहे.

तुमची मुलगी,
वर्षाली