प्रोकोपीच्या पायातले बूट

व्हिल्युय नदीकाठ,
२ नोव्हेंबर

प्रिय तुयारा,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. मी बरी आहे. थंडी उणे अडतीसवर गेली आहे. गाय आटत आली, तरी माझ्या चहापुरतं देते. वाचनालयातली बाई आता मला मुद्दाम जाडजूड पुस्तकं काढून देते. म्हणते, "मावरा, हिवाळा संपेल, पण हे संपायचं नाही." दोन संपवली मी.

एर्खान यंदा नदीवर जाळी टाकायला जाणार, हे वाचून नवल वाटलं. कालपर्यंत माझ्या चुलीपाशी खेळत होता तुझा लेक. बुटांचं तू विचारलं नाहीस, सांगूनच टाकलंस. "वहिनी, रेनडिअरच्या कातड्याचे महागातलेच घेते आहे, शिवणारीला सांगून ठेवलंय. स्वस्तातले रबरी बूट माझ्या घरात पुन्हा येणार नाहीत."

हे वाक्य मी पाच दिवस वाचते आहे. उत्तराचे तीन कागद चुलीत घातले. पुस्तकातली माणसं लिहायला बसली की त्यांना सुचत जातं. मला सुचत नाही, म्हणून सरळच लिहिते.

प्रोकोपी गेला त्या दिवशी त्याच्या पायात तू भावाला म्हणून दिलेले रबरी बूट नव्हते.

कातड्याचे होते, मी घेतलेले. माझा तीन महिन्यांचा पगार गेला होता त्यांत. आपल्याकडे पुरुषाचे पाय पाहून त्याच्या बायकोची पारख करतात, हे तुला सांगायला नको. सकाळी तो तुझे रबरी घालायला लागला, तर मीच म्हटलं, "ही डबडी घालून जाणार? लोक म्हणतील, मावराला नवरा जड झाला!"

तो म्हणाला, "अगं, बर्फावर पाणी चढलंय. कातडं भिजलं की संपलं."

"मग पाण्यात कशाला जातोस? बहिणीचं तेवढं गोड, माझं कडू?"

हसला. "बरं बाई, तुझेच घालतो. नदीलाही कळू दे मावरा कोण ते." मी खाली बसून त्याच्या बुटांच्या वाद्या बांधल्या.

वरून कोरडा, भुसभुशीत बर्फ आणि खाली गुडघाभर पाणी. बूट भिजले, पायांवर दगडासारखे गोठले. गावापासून चार किलोमीटरवर तो बसला, तो उठलाच नाही. दुसऱ्या दिवशी माणसांनी स्लेजवरून आणला तेव्हा मीच ते बूट कापून काढले आणि जाळले.

तू तिसऱ्या दिवशी आलीस. दारातच विचारलंस, "वहिनी, माझे बूट होते का गं पायात?" मी हो म्हटलं. का म्हटलं, ते मलाही नीट सांगता येत नाही. सगळं गाव आत बसलं होतं, आणि तू तो दोष हात पुढे करून मागत होतीस. मी देऊन टाकला.

त्यानंतर अकरा वर्षं तू माझ्यासमोर मान खाली घालून बसलीस. दर वर्षी लोणी पाठवलंस, लोकर पाठवलीस. मी घेत राहिले. तुझे बूट कोठारात आहेत, तळाला साधा ओरखडा नाही. येशील तेव्हा पाहा.

शिवणारीला नाही म्हणून सांग. एर्खानला रबरी तळाचे घे, आत दाबलेल्या लोकरीच्या नमद्याचं अस्तर असलेले, स्वस्तातले. गावात, लग्नात, कोरड्या थंडीत कातड्याचे खुशाल मिरवू दे, पण नदीवर नको. त्याने ऐकलं नाही तर हे पत्र त्याला वाचून दाखव, एक ओळही न गाळता.

माझं तोंड पाहायचं की नाही, ते नंतर ठरव. बूट आधी घे.

खाली "तुझी वहिनी" असं लिहिणार होते. ते आता तू म्हटलंस तरच.

मावरा