ज्योतीराम लेव्हल्स

२८ सप्टेंबर १९८१, सोमवार
आजपासून रोज शिफ्ट सुटली की पीएच.डी. एकही खाडा नाही. रागावणं बंद.
गाईडसरांनी काल स्पष्टच सांगितलं. दसऱ्यानंतरच्या सोमवारी आलेख घेऊन या, नाहीतर रजिस्ट्रेशन रद्द. सात वर्षं काय केलंत, असंही विचारलं. काय केलं! चिंचवडला उभं राहून पुण्याच्या बसची वाट पाहिली! दोन शिफ्टमधला माणूस संशोधन करतो म्हणजे काय, हे युनिव्हर्सिटीत पंख्याखाली बसून कळायचं नाही.

२९ सप्टेंबर, मंगळवार
कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंट सेक्शनचा कोपरा मोजमापाला मिळाला. गॅस प्लांटवाल्यांनी गारठवायला लिक्विड नायट्रोजन दिलं, तेही उपकार केल्यासारखं. सरांनी मोजायला दिलेली चकती समेरियम-बोरॉनची. नखाएवढी, नखासारखीच पातळ, कोळशासारखी काळी. चार तारा चांदीच्या पेस्टने चिकटवल्या. हेल्पर किसनला बजावलं, या टेबलाला हात लावलास तर खबरदार. तो "व्हय साहेब" म्हणाला. हसत म्हणाला. नोंद घेतली आहे.

१ ऑक्टोबर, गुरुवार
चकती थंड करत नेली. रेझिस्टन्स वाढत गेला, शेवटपर्यंत.
म्हणजे गॅप आहे. इलेक्ट्रॉनांचा एक खालचा मजला, एक वरचा, मध्ये काही नाही. थंडीत त्यांना वर चढवत नाही, म्हणून करंट अडतो. हे तर जगाला ठाऊक आहे! सरांना हवा तो हाच आलेख. एवढ्यासाठी माझ्यासारखा माणूस कशाला हवा? कारकूनही काढेल. संतापून फाडून टाकला. आता काढीन तो असा काढीन की सर उभे राहतील.

७ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी
पाच दिवस ओव्हरटाइम. माझा दोष नाही.
आज शॉपमध्ये यंत्रांची पूजा. लेथला हार, कंप्रेसरला हार, कँटीनच्या वजनकाट्यालासुद्धा हार. माझ्या टेबलावर झेंडूची पाकळी नाही! किसनला फैलावर घेतलं. तो म्हणाला, "तुमीच म्हनला व्हता, हात लावू नगंस." म्हटलं, आज लावायचा! माझं यंत्र काय सवतीचं आहे? सगळ्यांच्या मशिनी जशा सजवल्यात तसंच हेही झकास दिसलं पाहिजे. एवढं सांगून पेढे घ्यायला गेलो. पेढे संपले होते.

९ ऑक्टोबर, शुक्रवार
हार काढला, कुंकू पुसलं. चकती चकाकत होती. वर्षातून एकदा तरी या लोकांनी नीट पुसून ठेवलं.
पुन्हा थंड केली. रेझिस्टन्स थोडा वाढला आणि मग सपाट! तीनदा केलं, तीनदा सपाट. सुरुवातीचा रेझिस्टन्सही निम्म्याहून कमी. म्हणजे नमुना दिवसेंदिवस सुधारतोय.
अर्थ एकच. गॅपच्या मधोमध इलेक्ट्रॉनांना राहायला जागा आहे! सरांच्या लक्षात आली नाही. नाव ठरवलं, अर्थात माझंच: ज्योतीराम लेव्हल्स. सरांचं नाव पेपरवर दुसरं घालीन. माझं मन मोठं आहे.

१० ऑक्टोबर, शनिवार
बायकोला, प्रभावतीला, समजावलं. दोन मजले, मध्ये पोटमाळा, तो मी शोधला. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, पोटमाळ्यावर अडगळच असते, नीट पाहिलंत ना? सात वर्षांत विज्ञानावर बोलली ती हे! जेवलो नाही. नंतर जेवलो.

१२ ऑक्टोबर, सोमवार
सरांनी आलेख पाहिला. उभे राहिले नाहीत. चकती मागितली, नखाने खरवडली. नखाला चांदी लागली. चकतीला दोन्ही बाजूंनी चांदीच्या पेस्टचा थर! करंट गॅपला वळसा घालून चांदीतून जात होता. म्हणाले, रेझिस्टन्स रातोरात निम्मा झाला, तेव्हा शंका नाही आली?
पहिला आलेख बरोबर आला होता पण मी फाडला, असं सांगितलं. खरं बोललो तेव्हाच ते हसले. पुन्हा मोजून आणतो म्हटलं. म्हणाले, चकती साफ करून पाठवून द्या, दुसऱ्या विद्यार्थ्याला द्यायची आहे. रजिस्ट्रेशन रद्द.
परत येऊन किसनला धरलं. तो म्हणाला, "समद्या मशिनी रंगवल्या, साहेब. ह्ये काळं पूजेला बरं दिसंना. बाटलीत चांदी व्हती, लावली. तुमीच सांगितलं व्हतं." सगळ्या शॉपसमोर म्हणाला!

१४ ऑक्टोबर, बुधवार
चकती ॲसिटोनने पुसली, घासली. सगळी चांदी गेली. साफ झाली का ते बघायला शेवटचं मोजलं. रेघ चढत गेली, शेवटपर्यंत. फाडलेल्या आलेखापेक्षा सुरेख. दाखवायला शेजारी फक्त किसन. त्याने विचारलं, "आता बरूबर आलं न्हवं?" हो म्हटलं.
"मग उद्यापासनं काय मापायचं, साहेब?"
त्याच्यावर ओरडायला तोंड उघडलं. मग चकती डबीत घालून त्याच्याच हातात दिली, सरांकडे पोचवायला.