बोटीतला राग काढताना

२० ऑगस्ट, सकाळी ७
पर्युषण सुरू. आठ दिवस कुणावर रागवायचं नाही, शेवटी संवत्सरीला सगळ्यांची क्षमा मागायची. यंदा यादीत एकच नाव, वारूळवाडीचा दादाभाऊ. चाळीस वर्षं आमच्या हार्डवेअरच्या दुकानाच्या पायरीवर रोज चहा प्यायला. मे महिन्यात मी माझी नायट्रो इंधनावर चालणारी, रिमोटची मॉडेल बोट त्याच्या शेततळ्यात सोडली. तिच्या फटफट आवाजाने त्याची म्हैस दावं तोडून पळाली. तो टाकून बोलला. मी श्रीमुखात दिली. तेव्हापासून पायरी रिकामी.
दोष इंजिनाचा. बोट इलेक्ट्रिक करणार. धूर नाही, आवाज नाही, भांडण नाही. दादाभाऊ संवत्सरीला पायरीवर आलाच पाहिजे.

सायंकाळी ५
इंजिनाचे स्क्रू गंजलेले. निघेनात. अत्यंत शांतपणे घण आणला. इंजिन निघालं. आता पापडासारखं दिसतं. भंगारात दिलं. उगमबाईने (आमची बायको, आठही दिवस उपवास) आतून विचारलं, कुणाला मारताय? म्हटलं, राग मारतोय.

२२ ऑगस्ट
पार्सल आलं. मोटार, कंट्रोलर, दोन बॅटऱ्या. माहितीपुस्तक सोळा पानी. मी सगळं आपलं आपण शिकलेला माणूस, चित्रं बघितली. एका पानावर म्हणे, रिमोटचा सिग्नल तुटला तर बोट थांबावी म्हणून फेलसेफ सेट करा. चांगल्या कामात असं अभद्र बोलणाऱ्यांचा मला राग येतो. म्हणजे, पूर्वी यायचा. पान फाडलं.

२३ ऑगस्ट
मोटार उलटी फिरत होती. वायरी बदलल्यावर सुलटी फिरली आणि बोटीच्या पंख्याने अंगठा फाडला. चार टाके. पकड माझ्या हातून सुटून दारात रुतली. कुणाला लागली नाही, म्हणजे त्याला राग म्हणता येत नाही. दवाखान्यातला कंपाउंडर ऋतिक म्हणाला, काका, कुणाशी मारामारी? त्याची कॉलर धरून नीट समजावलं की मी मारामारी करत नाही.
यादीत ऋतिक.

२४ ऑगस्ट
स्क्रू जरासा लांब निघाला, बॅटरीत शिरला. ती फुगली, फुसफुसली, पेटली. टेबल गेलं, पडदा गेला, माझी उजवी भुवई गेली. उगमबाईने ओल्या पोत्याने आग विझवली. विझल्यावरही पोतं थांबेना. पाठीत सात बसले. पाच दिवसांच्या उपाशी बाईच्या हातात एवढं बळ? म्हणाली, क्षमेला यादी पुरायची नाही, वही आणा.
दुसरी बॅटरी शाबूत. प्रगती उत्तम.

२५ ऑगस्ट
बोट तयार. मांजराच्या पावलाने चालते. मीही. उगमबाईने दादाभाऊला फोन लावला. तो म्हणाला, धूर नगं, आवाज नगं, मग येऊ द्या शेठला. पर वैनी, तुमी बी या, त्यांचं हात धरायला.
मी एकटाच जाणार. हात धरण्यासारखं काही राहिलेलं नाही.

२६ ऑगस्ट, दुपारी ४
बोट अप्रतिम चालली. दादाभाऊ बांधावर बसून म्हणाला, गप चाललीया की राव. पर लई हळू हाय, आमची म्हस फुडं जाईल. मी फुल स्पीड दिला. तो खूश झाला, आणि खुशीतच म्हणाला, कसं हाय शेठ, मे महिन्यात तुमचंच चुकलं व्हतं.
रिमोट माझ्या हातातून निसटला. बारा फूट निसटला. त्याच्या कपाळावर आपटून पाण्यात पडला. सिग्नल तुटला. बोट थांबली नाही.
नायट्रोचं इंजिन धडकलं की बंद पडायचं. ही काठाला धडकली आणि पंखा फिरतच राहिला. पाणी मुरू नये म्हणून तळ्यात अंथरलेला प्लास्टिकचा कागद पार खालपर्यंत फाडत गेली. आवाज नाही, त्यामुळे आम्हाला पत्ता नाही. शिवाय आम्ही चिखलात होतो. त्याने माझा गळा धरला होता, मी त्याचं मनगट चावलं होतं. पाणी पाठीखाली आलं तेव्हा सोडलं. बांध खचला होता. तळं त्याच्या टोमॅटोच्या शेतात गेलं. माझी कवळीही.

२७ ऑगस्ट, संवत्सरी
सकाळी दादाभाऊ आला. कपाळाला पट्टी, हातात पिशवी. पायरीवर बसला. मी हात जोडले, बिनदाताचं मिच्छामि दुक्कडम् म्हटलं. त्याने पिशवीतून माझी कवळी काढून दिली. धुतलेली. उगमबाईने चहा आणला.
त्याने कप रिकामा केला. मग म्हणाला, समदं माफ. कागद आपण दोघं जोडू. पर शेठ, ती बिनआवाजाची बोट नगं. तुमी नि ती, गप असलं की भ्या वाटतं. जुनं फटफट इंजिन बसवा. लांबनं कळतं तरी, की शेठ आलं. म्हस मी लांब बांधीन.
मी हो म्हटलं.
इंजिनाचा पापड केल्याचं त्याला सांगितलेलं नाही. त्याची क्षमा पुढच्या वर्षी मागेन.