क्लॅरींची कंपनी

३ मार्च
आज सिद्ध झालं. क्लॅरी वाचले.
क्लॅरी म्हणजे आजीचे बाबा. दुसऱ्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाच्या सैन्यात होते; आजी सात वर्षांची असताना न्यू गिनीत जपान्यांशी लढताना गेले. त्याच लढाईचा कॉम्प्युटर गेम आहे. त्यांच्या कंपनीच्या, म्हणजे सैन्यातल्या तुकडीच्या, सोंगटीला मी त्यांचं नाव दिलं, टेकडीवरून एक घर मागे घेतलं. कॉम्प्युटरचे जपानी नदीपाशीच थांबले. दरवेळी. मी घरातली पहिली ग्रॅज्युएट, तीही इतिहासाची. हे माझं कर्तव्यच होतं. २५ एप्रिलला, अ‍ॅन्झॅक डे या सैनिकांच्या स्मृतिदिनी, आजीला दाखवायचं. तिच्या मनाला शांती मिळेल.

५ मार्च
गेमच्या ऑनलाइन ग्रुपवर टाकलं. अभिनंदन कोणीच केलं नाही. सगळ्यांचं एकच: कॉम्प्युटर नदी ओलांडतच नाही, माणसाशी खेळ. ठीक. पुरावा आणखी पक्का होईल.

९ मार्च
समोर मर्व्ह. टूवुम्बाचे निवृत्त डेंटिस्ट. ईमेलने चाल पाठवतात, खाली बागेतल्या टोमॅटोंची खबर. पहिल्याच चालीत नदी ओलांडली. क्लॅरी गेले.
उन्हामुळे स्क्रीन नीट दिसत नव्हता.

१७ मार्च
क्लॅरी गेले. मला सर्दी होती.

२६ मार्च
या खेपेला क्लॅरींना थेट बंदरात ठेवलं. मर्व्ह बाकीच्या सगळ्यांना मारत बंदरापर्यंत आले. खाली लिहिलं होतं, सॉरी हं, यंदा टोमॅटोंवर कीड आहे.
सोंगटी गेली की नकाशावर नुसतं रिकामं षटकोनी घर उरतं. आमच्या बाथरूमच्या फरशाही तशाच आहेत. नळाखालच्या फरशीवर मी पाय देत नाही. बाबांनी विचारलं, ओली आहे का. हो म्हटलं.

२ एप्रिल
ठरवलं: आठवडाभर गेम बंद.
दुपारी आजीकडे गेले. फोटोतले क्लॅरी माझ्याहून लहान दिसतात. मी फोटोकडे पाठ करून बसले, तरी वळून वळून मान अवघडली. आजी म्हणाली, "काय गं, अशी का वाळलीस? कोण लागलंय मागे?" अभ्यास, म्हटलं. पदवी मिळूनही वर्ष झालंय, हे तिच्या लक्षात आलं नसावं.
घरी येऊन खेळले. क्लॅरी गेले.

१४ एप्रिल
मर्व्हना लिहिलं. भीक नव्हे, संशोधनातलं सहकार्य. फक्त एकदा नदी ओलांडू नका. क्लॅरी कोण ते सांगितलं, आजीचंही सांगितलं. लगेच उत्तर आलं: "अगं पोरी, आधी का नाही बोललीस?" टोमॅटोंबद्दल काही नव्हतं.

२५ एप्रिल
सकाळी स्मारकावरून आल्यावर आजीसमोर लॅपटॉप ठेवला. क्लॅरी टेकडीमागे, जपानी नदीपलीकडे. लढाई संपली. म्हटलं, बघ आजी, वाचू शकले असते.
तिने चष्मा लावला, क्लॅरींच्या सोंगटीवर बोट ठेवलं. मग विचारलं, पलीकडचे येत का नाहीयेत. मी डावपेचांबद्दल बरंच बोलले. तिने बोट काढलं नाही. शेवटी मी सांगून टाकलं, समोरच्या माणसाला मी विनंती केली होती.
"आणि त्याने ऐकलं?"
"हो."
"मीही देवाला करायचे गं. रोज. आईशेजारी गुडघे टेकून."
मी लॅपटॉप बंद करायला हात पुढे केला. तिने माझा हात धरला.
"राहू दे जरा," ती म्हणाली. "उभे आहेत अजून."