म्हसोबाची खूण

अण्णा, आज आपलं गाव माझ्या स्क्रीनवर आलं. धाराशिवला मी कंत्राटावर जे काम करते ते तुम्हाला कसं सांगू? तुम्ही साखळी ओढून शेतं मोजायचात. मी त्याच मोजणीचे पिवळे पडलेले गावनकाशे स्कॅन होऊन आले की उपग्रहाच्या फोटोवर बसवते. नकाशातला हद्दीचा दगड घ्यायचा, तोच दगड फोटोत शोधायचा, दोन्हीकडं क्लिक करायचं. अशा खुणा जुळल्या की नकाशा आपल्या जागी बसतो. तेरणेच्या काठची कितीतरी गावं बसवली, कधी हात अडखळला नाही. आज म्हसोबापाशी अडखळला.

आपल्या आणि काकांच्या शेताच्या कोपऱ्यावरचा, रस्त्याकडेचा तो दगड. शेंदूर लागून त्याचा देव झाला, पण तुमच्यासाठी तो आधी हद्दीचा दगड होता. लहानपणी मी त्याच्यावर बसले तर केवढ्यानं ओरडला होतात, "ऊठ! देव माफ करंल, शेजारी करायचा न्हाय." मग रस्ता रुंद व्हायचं ठरलं आणि देव उचलायला, मोजणीतला माणूस म्हणून, गावानं तुम्हालाच पुढं केलं. मला अजून दिसतंय. आई नैवेद्याचं ताट घेऊन उभी आहे, तुम्ही नारळ फोडून दगड पोटाशी धरून चालताय आणि काकांच्या रानात, कडुनिंबाखाली नेऊन ठेवताय. काका हात जोडून म्हणतात, "देव माझ्या रानात आला, आजून काय पायजे?" हद्दीचा दगड हलवला तर जुन्या जागी दुसरा पुरायचा, हे तुम्हीच मला शिकवलेलं. त्या दिवशी तुम्ही तो पुरला नाही.

आता तुमच्या मागं काय झालंय ते ऐका. दादा म्हणतो, म्हसोबा आहे तिथंच शीव. तसं धरलं की दगडाची जुनी जागा आणि म्हसोबा यांच्या मधली विहीर आपल्याकडं येते. ती काकांनी खोदलेली, त्यांची ज्वारी आणि जनावरं तिच्यावर आहेत. सकाळपासून दादाचे फोन चालू आहेत. "रस्त्यावरनं उचलला तरी अण्णांनी शिवंवरच ठिवला असंल की. जन्मभर मोजणी केल्याला माणूस चुकंल व्हय? तू निस्तं त्येच्यावर क्लिक कर." आणि काका परवा दवाखान्यात भेटले तर म्हणाले, "तू हाईस तिथं, मला कशाची काळजी न्हाय बघ." इकडं आड, तिकडं विहीर म्हणतात, माझ्या दोन्हीकडं एकच विहीर आहे.

म्हसोबाची खूण लावली की नकाशा पिळवटतो, शाळा ओढ्यात जाते. पण बाकीच्या खुणा काढून तिच्यासकट तीनच ठेवल्या, तर कॉम्प्युटर मुकाट्यानं चूक शून्य दाखवतो, कारण तीन खुणांवर कसलाही नकाशा बसतोच. ते शून्य बघत मी बसून राहिले. खुर्चीतून उठता येईना, पुढं सरकता येईना. साहेब येऊन गेले, "एका गावाला एवढा वेळ?" त्यांना काय सांगू, माझा बाप दुसरा दगड पुरायला विसरला की भावाचं रान आपल्याकडं यावं म्हणून त्यानं जाणूनबुजून पुरला नाही, हे ठरत नाहीये म्हणून? तुम्हाला विचारता येत नाही आणि आई पण नाही आता. मी तुमच्यावर रागावले, त्या रागाची लाज वाटली, मग पुन्हा रागावले.

शेवटी म्हसोबाची खूण काढली आणि बाकीच्या सगळ्या राहू दिल्या. विहीर काकांच्या रानात गेली. होती तिथंच राहिली म्हणा. नकाशा पुढं पाठवून दिलाय. संध्याकाळी दादाचा फोन येईल आणि मी त्याला सांगणार आहे, "कॉम्प्युटरच तसं दाखवतोय, माझ्या हातात काय न्हाय." जुन्या जागी तुम्ही दगड पुरला नव्हता, हे मात्र त्याला सांगणार नाही. काकांनाही नाही. दोघांच्याही भिंतीवर तुमचाच फोटो आहे, अण्णा. तो कुणी उतरवलेला मला बघवणार नाही.