छबूच्या पलंगाची उशाकडची फळी

मी, खाली सही करणार कु. लंका कानिफनाथ डोके, वय २३, शिक्षण बी. ए., धंदा जुने लाकडी सामान रंगवून विकणे, राहणार मौजे खैरदरा, तालुका जामखेड, जिल्हा अहमदनगर, आज रविवार ता. ३ जून १९७३ रोजी पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. दडपण आणणारे गावात आहेत, पण ते मी लिहू नये म्हणून आणतात. माझ्या उजव्या हाताची तीन बोटे मोडलेली असल्याने हे डाव्या हाताने लिहिले आहे. अक्षर वाकडे आहे, सबब ते माझे नव्हे, असे कोणी म्हणू नये.

कलम १. माझ्या देहाविषयी. मी विहिरीत सापडले तर मला कोणीतरी टाकले असे समजावे. मी पाण्याला भिते, विहिरीच्या काठाला जात नाही, हे गावाला ठाऊक आहे. झाडाला लटकलेली सापडले तर, दोराला गाठ मारण्याइतकी बोटे मला उरलेली नाहीत, हे डॉक्टरांच्या कागदावरून पाहावे. माझे प्रेत नगरच्या सरकारी दवाखान्यात तपासल्याशिवाय जाळू नये. छबूला दिवस मावळायच्या आत जाळून टाकली. तसे माझे होऊ नये.

छबू म्हणजे छबूबाई, आमच्या गावचे ऊसतोडीचे मुकादम आबासाहेब यांची सून, बन्सीची बायको. सातवीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. पुढे ती नांदायला गेली, मी नगरला शिकायला गेले. १३ एप्रिलला ती विहिरीत पडली आणि कपारीवर डोके आपटून मेली, असा पंचनामा झाला आहे. तिच्या माहेरी म्हाताऱ्या आईशिवाय कोणी नाही.

कलम २. माझी हत्यारे. रंग खरवडायच्या तीन पत्र्या, दोन रंधे, सात ब्रश, पॉलिशपेपर, मेणबत्त्यांचे खोके आणि जळण्यातून वाचलेले रंगाचे चार डबे गोजरबाईंना द्यावेत. गोजरबाई माझ्याकडे पहिल्या दिवसापासून कामाला आहेत. नवरा गेल्यावर दिरांनी त्यांना घरातून काढले, त्या दिवशी त्या एक मोडके कपाट डोक्यावर घेऊन माझ्या दारात आल्या. "पोरी, ह्याला कायतरी कर, न्हाईतर मला कर," असे म्हणाल्या होत्या. कपाटाचेही केले आणि त्यांचेही.

आमची रीत त्यांना पाठ आहे, तरी पुढे कोणी शिकणारी आली तर उपयोगी पडावी म्हणून लिहिते. नगरला एका बंगल्यात मी मुलांना शिकवायला जात असे, तिथे हे काम पाहिले. जुना रंग खरवडून आधी गडद रंगाचा हात द्यावा. वाळला की जिथे माणसाचा हात, पाय, पाठ लागते अशा कडांवर मेणबत्ती घासावी, मग फिका रंग द्यावा. तो वाळल्यावर कडा घासल्या की मेणावरचा रंग सुटतो आणि खालचा दिसतो. वस्तू नवी दिसते, पण तिचे वय लपत नाही. पहिल्यांदा बायका हसल्या. "रंग पुरला न्हाई का गं बीए बाई?" असे विचारीत. मग त्याच लेकींच्या रुखवतासाठी माझ्याकडून कपाटे नेऊ लागल्या. ज्यांना नवे परवडत नाही त्यांच्या घरातही देखणी वस्तू असावी एवढ्यासाठी मी हे मांडले होते. शिकलेल्या मुलीने नोकरी न करता लाकूड घासावे याचे अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, वाईट वाटले, पण ते तसे कधी बोलले नाहीत.

कलम ३. पलंगाचे चार खूर, दोन बाजूंच्या पट्ट्या आणि पायथ्याची फळी. हे घरात होते म्हणून आगीतून वाचले. ही माझी मालमत्ता नाही. छबूच्या आईला परत द्यावी. ती माझ्याकडे कशी आली ते सांगते, कारण कोर्टात मी बोलायला असेन की नाही याची खात्री नाही.

ज्या बाजेवर माणसाचा जीव जातो ती आमच्याकडे घरात ठेवत नाहीत. तिसऱ्या दिवशी शिवेबाहेर ओढ्यात नेऊन टाकतात. तिला कोणी हात लावत नाही. मी लावते. अशी पुष्कळ लाकडे मी उचलून आणली आहेत. १५ एप्रिलला ओढ्यात एक पलंग पडला होता, ताज्या हिरव्या रंगाचा. गोजरबाईंनी आणि मी तो गाडीवर घालून आणला. खरवडायला घेतला तर हिरव्याखाली आकाशी निघाला. तो आकाशी मी ओळखला. छबूच्या आईने तिच्या लग्नात श्रीगोंद्याहून करवून आणलेला पलंग. पाडव्याला, ४ एप्रिलला, मी तिच्याकडे गेले होते तेव्हा याच आकाशी पलंगावर बसून आम्ही चहा प्यालो. तिचा ओठ सुजलेला होता. विचारले तर म्हणाली, "दार लागलं." तिच्या घराचे दार बाहेर उघडते, आतल्या माणसाच्या तोंडाला लागत नाही.

गोजरबाई पत्री खाली ठेवून म्हणाल्या, "लंके, ती तर हिरीत मेली ना गं? मग बाज कशापायी टाकली?"

तेव्हा मी उशाकडची फळी सावकाश खरवडली. हिरव्या रंगाखाली, आकाशीवर, कोयत्याचा तिरपा घाव होता, चार बोटे लांब. घावात आणि फळीच्या सांध्यात काळे साकळलेले होते आणि त्यात लांब केस चिकटले होते. आकाशीच्या वर आणि हिरव्याच्या खाली. म्हणजे पाडव्यानंतर आणि पलंग ओढ्यात जाण्याआधी. तिच्या सासरच्यांनी खून लपवला, पंचनामा खोटा करवला, प्रेत जाळले, वर रंगही फासला. पण जिच्यावर जीव गेला ती बाज घरात ठेवायची हिंमत त्यांना झाली नाही.

कलम ४. माझ्या कामाची जळालेली शेड. तिची जागा अण्णांची आहे, ती त्यांचीच राहावी. मी नगरच्या मॅजिस्ट्रेटसाहेबांकडे अर्ज केला आणि ४ जून तारीख लागली. हे गावात कळले. २० मेला भरदुपारी बन्सी आणि टोळीतले चौघे आले. त्यांनी कपाटे कुऱ्हाडीने फोडली. गोजरबाई मध्ये पडल्या तर त्यांचा हात एका ओंडक्यावर धरून मोडला. हाडाचा आवाज मी ऐकला. अण्णांच्या डोक्यात पहार घातली. मला बन्सीने कामाच्या बाकापाशी ओढत नेले. "हाच ना खरवडायचा हात? धरा रं," असे म्हणून त्याने माझ्याच हातोडीने तीन बोटे एकेक करून ठेचली. प्रत्येक बोटाला विचारी, "फळी कुठंय?" मी सांगितले नाही. मग त्यांनी टर्पेंटाइनचे डबे ओतून शेड पेटवली. आबासाहेब रस्त्यावर उभे राहून पाहत होते. त्यांनी हाक मारून एवढेच सांगितले, "जीव घिऊ नका, आजच्याला."

पोलिसात आग लागल्याची नोंद आहे.

कलम ५. माझा धाकटा भाऊ सहादेव. त्या दिवशी शेडची आतली कडी त्याने काढली. बन्सीने बाहेरून "सहादेवा, दोन शब्द बोलायचेत" म्हटले आणि याने काढली. तो दर हंगामाला आबासाहेबांच्या टोळीत जातो. आदल्या दिवशीच मला म्हणाला होता, "आक्का, दिऊन टाक ती फळी. मेलेली काय उठून बसनार हाय का?" मी म्हणाले, "नाही उठणार, म्हणून तर." त्याला माझ्याकडून काहीही मिळू नये. माझ्या तिरडीला त्याने खांदा देऊ नये. माझी पुस्तके मात्र त्याच्या मुलीला द्यावीत. ती चार महिन्यांची आहे, तिने कोणतीही कडी काढलेली नाही.

कलम ६. पदवीचा कागद अण्णांनी ठेवावा, भिंतीवर लावू नये. पोस्टाच्या बचतपुस्तकातले पैसे गोजरबाईंच्या हाताच्या औषधाला. बन्सीला मी क्षमा केलेली नाही. मरताना केली असे कोणी सांगितले तर तो माणूस खोटे बोलतो.

~~कलम ७.~~ खोडले आहे. खोडलेल्या जागी माझी सही आहे.

या कलमात फळी कुठे ठेवली आहे आणि माझ्यामागे ती कोर्टात कोणी न्यावी, हे लिहिले होते. खोडण्याचे कारण असे. साक्षीदार म्हणून सही करायला आज सकाळपासून पाच जणांना विचारले. सर्वांत बरे उत्तर काकासाहेब पाटलांचे होते. ते म्हणाले, "पोरी, सही करायला हात हाय गं. पण उद्या ऱ्हाईल का?" शेवटी संध्याकाळी मुक्कामी गाडीचे कंडक्टर आप्पासाहेब आमच्याकडे पाणी प्यायला आले. ते श्रीगोंद्याचे, इथल्या कोणाचे मिंधे नाहीत. त्यांनी सगळे वाचले आणि सातव्या कलमावर बोट ठेवले.

"ताई, तारीख उद्याची हाय ना?"

"हो."

"मग तुमी मरायची वाट कशापायी बघायची? नगरची गाडी सकाळी साडेपाचला हाय. फळी टपावर टाकू. लगेजचं तिकीट तेवढं लागंल, फुकट न्हाई न्यायचो."

अण्णा खाटेवर पडून होते, डोक्याला पट्टी. त्यांनी विचारले, "वाटंत आडवलं तर?"

"सरकारी गाडी हाय, मामा. चाळीस मान्सं बघत असतील. हिरीत बघायला कोन हुतं?"

मृत्युपत्रात माणूस मागे काय ठेवतो ते लिहायचे असते. ही फळी मी मागे ठेवत नाही. उद्या मी स्वतः ती घेऊन जाते. मॅजिस्ट्रेटसाहेबांना एवढीच विनंती, की ती खरवडू नये. भिंग घेऊन कडेने पाहावी, आकाशी, रक्त आणि हिरवा असे तीन थर आपोआप वाचता येतात.

उद्या संध्याकाळी परत आले तर हा कागद मी स्वतः फाडीन. न आल्यास वरीलप्रमाणे करावे.

ठिकाण : खैरदरा. तारीख : ३ जून १९७३.

सही (डाव्या हाताने) : लंका कानिफनाथ डोके

साक्षीदार पहिला : आप्पासाहेब, एस. टी. कंडक्टर, रा. श्रीगोंदा. बाईंनी माझ्यासमोर सही केली. कलम सात माझ्यासमोर खोडले.

साक्षीदार दुसरा : कानिफनाथ डोके, वडील. निशाणी डाव्या हाताचा अंगठा. त्यांनी सांगितले ते जसेच्या तसे कंडक्टरांनी लिहिले : "पोरीनं वाचून दावलं, समदं ऐकलं. म्या बी गाडीत हाय. कुऱ्हाड संगं हाय."